तिसऱ्या शनिवारपर्यंत

थिबोंचा कोपरा,
मंगळवार दुपार

प्रिय सेलेस्त,

धक्क्याच्या फळ्यांवर तू पालथी पडली होतीस. नाक दोन फळ्यांच्या फटीत, आणि बाबांनी तुझ्या फ्रॉकचा पट्टा मुठीत धरून ठेवलेला. मी पायरीवर बसून बटाटे सोलत होते. मे महिना संपत आला होता, पण पाणी अजून बोटं बधिर करणारं. त्या दिवशी विशेष काही घडलं नाही, म्हणूनच कदाचित तो माझ्याजवळ राहिला. तू ओरडलीस, "आई, हा मासा झाडू मारतोय!" बाबा म्हणाले, "अगं, बाप आहे तो. शेपटीने गाळ उडवतोय. त्या गोट्यांवर अंडी आहेत त्याची." मग आई कुठे आहे, असं तू विचारलंस. ती अंडी घालून खोल पाण्यात निघून गेली हे ऐकल्यावर तू मान वळवून माझ्याकडे अशी रागाने पाहायला लागलीस, जणू मीच बॅग भरून निघाले होते. मला हसू आवरेना. हातातला बटाटा सुटून पाण्यात पडला, तर तो बास मासा त्या बटाट्यावरच धावून गेला. भूक नव्हती त्याला. त्या दिवसांत तो काही खातच नाही. घराजवळ काही आलं की त्याला ते चावून हाकलायचं असतं, एवढंच.

आणि नेमकं म्हणूनच त्या दिवसांत त्याला गळाला लावणं सगळ्यात सोपं असतं. हे मी तुला सांगायला नको. तू शास्त्रज्ञ आहेस.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, एक 'बरं' म्हण ना गं! एवढं एक 'बरं' म्हणायला तुझं काय जातं?" तू रडवेली झाली होतीस, म्हणून मी विषय बदलून तुझ्या दातदुखीवर नेला. आज मन शांत आहे, व्हरांड्यात ऊन आलंय, तेव्हा नीट उत्तर लिहिते. वॉल्टर राबिडूने मला शुक्रवारपर्यंतची मुदत दिली आहे. जूनच्या तिसऱ्या शनिवारपर्यंत तळ्याच्या आपल्या कोपऱ्यातल्या पाण्यात पाय ठेवणार नाही, असा शब्द मी द्यायचा. नाहीतर पंधरा दिवस तुरुंग. मी शब्द देणार नाही. का, ते सांगते.

तुला तो मासेमारीची बंदी उठायचा शनिवार आठवतो ना? बाबा ईस्टरपासून गळांना धार लावत बसायचे, पण पाण्याला शिवायचे नाहीत. गावात सगळ्यांचं तसंच. मग त्या सकाळी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये पॅनकेकचा नाश्ता, फादर धक्क्यावर उभे राहून होड्यांवर पवित्र पाणी शिंपडायचे आणि मग सगळे एकदम निघायचे. मासे मारण्याला माझा कधीच विरोध नव्हता. दर शुक्रवारी बास तळतच मी संसार केला. खवले काढायला आजही गावात माझा हात धरणारं कोणी नाही. त्या बंदीने माशांचं किती भलं होत होतं, ते तुम्ही लोक ठरवा. तिने माणसांना थांबायला शिकवलं होतं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग नियम बदलला. धरा, पण लगेच सोडून द्या, असं असेल तर वर्षभर चालेल म्हणे. त्या बदलावरच्या सुनावणीला तू आली होतीस, गडद निळा कोट घालून, आणि मी मागच्या रांगेत बसून सगळ्यांना सांगत होते की ती माझी मुलगी आहे. तू जे बोललीस ते खरं बोललीस. घरट्यांवर मासेमारी केल्याने तळ्यातले एकूण बास कमी होतात असा पक्का पुरावा नाही, असं तू म्हणालीस. पुढच्या रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझं पुढचं वाक्य त्या टाळ्यांत कोणाला ऐकू आलं नाही. मला आलं.

गेल्या वर्षी मे महिन्यात एक चकचकीत बोट कोपऱ्यात शिरली. दोघे होते. पडलेल्या पाइनच्या झाडाजवळचं घरटं त्यांनी हेरलं आणि पहिल्याच फेकीत नर वर काढला. मी धक्क्यावरून ओरडले. त्यातला तरुण अगदी सभ्य होता गं. म्हणाला, "अहो आजी, सोडून देतोय त्याला! बघा, जिवंत आहे!" आणि खरंच उचलून दाखवलं. मग त्याचं वजन झालं, लांबी मोजून झाली, फोटो झाला. फोटोत या पोराचे डोळे मिटले म्हणून पुन्हा फोटो. तेवढ्यात खाली छोटे सनफिश मासे पंगतीला बसावेत तसे घरट्यातली अंडी खात बसले होते. त्याने माशाच्या डोक्याचा मुका घेऊन त्याला हळुवार पाण्यात सोडलं. "बघा आजी, गेला की नाही घरी?" गेला ना. घरी गेला आणि रिकाम्या गोट्यांवर दिवसभर शेपटी हलवत राहिला. दुसऱ्या दिवशी तोही निघून गेला.

म्हणून या वर्षी मी बागेतली अॅल्युमिनियमची खुर्ची उचलली, बाबांची छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवली आणि गुडघाभर पाण्यात जाऊन बसले. घरट्यापासून हातभर लांब, अंड्यांवर सावली पडणार नाही अशी. नर पहिल्यांदा माझ्या बुटांवर धावून आला, मग त्याला माझी सवय झाली. शांत बसणं मला जड नाही. शाळेत सिस्टर जर्मेनच्या हाताखाली आम्ही चॅपलमध्ये तासन् तास पापणी न हलवता बसायचो. तेव्हा वाटायचं, याचा आयुष्यात काय उपयोग?

बोटी आल्या. कोणी हसलं, कोणी शिव्या घातल्या. एकाने विचारलं, "आजी, तुमचं घर बुडालं का?" मी म्हटलं, "माझं नाही, याचं बुडू नये म्हणून बसलेय." तो गेल्या वर्षीचा तरुणही आला. म्हणाला, "आजी, मला हक्क आहे इथे गळ टाकायचा." मी म्हटलं, "टाक की. माझ्या टोपीत अडकला तर ती सोडून द्यायची, एवढं लक्षात ठेव." तो लाल झाला. तक्रार त्यानेच केली, आणि कायद्याने त्याचंच बरोबर आहे. परवानगी असलेल्या माणसाला मासे धरण्यापासून अडवणं हा गुन्हा आहे.

तर मागच्या आठवड्यात मी वॉल्टरपुढे उभी राहिले. तुला माहीतच आहे, आठवडाभर तो लोकांच्या घरातल्या भट्ट्या दुरुस्त करतो आणि सोमवारी संध्याकाळी न्यायाधीश होतो. नखांतली काजळी तशीच होती. म्हणाला, "ओडेट, लहानपणी चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनला आपण एका रांगेत उभे होतो. माझ्यावर कशाला ही पाळी आणतेस?" मी म्हटलं, "मी कुठे आणली? भट्ट्या दुरुस्त करत होतास ते काय वाईट होतं?" सगळे हसले, तोही हसला. मग म्हणाला, "हे बघ, दंड नको, काही नको. फक्त म्हण की पाण्यात उतरणार नाही."

"आणि तसं म्हणूनही उतरले तर?"

"तर मला कसं कळणार? मी काय दुर्बीण घेऊन बसतोय?"

माझ्यासोबत आलेल्या पर्लने मला कोपर मारलं. "म्हण गं बाई, म्हण आणि चल घरी! माझी सूपची हंडी चुलीवर आहे."

सेलेस्त, सगळ्यांना मी खोटं बोललेली हवी आहे. वॉल्टरला, पर्लला, तुलाही. एवढ्या प्रेमाने कोणी मला खोटं बोलायची गळ घातली नव्हती. पण शब्द दिला तर मला तो पाळावा लागेल, आणि मला तो पाळायचा नाही. म्हणून देत नाही. यात हट्ट कुठे आहे? हा तर साधा हिशेब आहे.

आता तुझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. तुला वाटतं मी तुझ्या विरोधात बसले आहे. बाळा, तुझा अहवाल मी शब्दकोश जवळ घेऊन दोनदा वाचला. एवढ्या मोठ्या तळ्यात थोडी घरटी वाचली तरी पुढची पिढी उभी राहू शकते, उन्हाळा किती उबदार आणि वारा कसा यावर जास्त अवलंबून असतं, असं तू लिहिलंस. मला पटतं. कदाचित तळ्याच्या बाबतीत तुझंच खरं ठरेल आणि मी मूर्ख ठरेन. पण त्याच अहवालात तूच लिहिलंस की आपल्यासारख्या उत्तरेच्या थंड तळ्यांविषयी अजून पुरेसं माहीत नाही. इथे उन्हाळा एवढासा. घरटं मोडल्यावर नराने दुसऱ्यांदा संसार मांडला, तरी त्या पिल्लांना हिवाळ्याआधी अंग धरायला वेळ मिळतो का, हे माहीत नाही. टाळ्यांत बुडालेलं तुझं वाक्य हेच होतं. तू 'माहीत नाही' म्हणालीस आणि त्यांनी त्याचं 'चालेल' केलं. या दोन शब्दांचा अर्थ एक कधीपासून झाला? सिस्टर जर्मेनने असं वाक्य लिहिणाऱ्या मुलीला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

शिवाय मी तळ्यासाठी बसतच नाही. तळं मोठं आहे, ते आपलं बघून घेईल. हे नर वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात परत येतात, हे तूच मला शिकवलंस. तुझ्या आकड्यांत तळं भरलेलं राहील आणि माझ्या खिडकीखालचा कोपरा ओस पडेल, दोन्ही एकाच वेळी खरं असेल. तुला तळं सांभाळायचा पगार मिळतो. कोपरा सांभाळायला कोणी नेमलेलं नाही, तेव्हा मी बसते.

तू म्हणशील, तुरुंगात गेलीस तर घरटी कोण राखणार? मलाही तीच चिंता होती. पण रविवारच्या प्रार्थनेनंतर पर्लने मला चर्चच्या पायऱ्यांवर अडवलं. म्हणाली, "तू आत गेलीस तर मी बसेन. पण मला पोहता येत नाही हं." मी म्हटलं, "अगं, बसायचंय, पोहायचं नाही." मागून आणखी दोघींनी विचारलं की खुर्ची घरची आणायची का. मी शब्द दिला असता तर यातली एकही उठली नसती. सगळ्याजणी म्हणाल्या असत्या, ओडेटनेच सोडलं, आपण कोण? आणि काल दुपारी फोन वाजला, पलीकडून कुजबूज, "ओडेट, मी लोरेन बोलतेय. वॉल्टर बाहेर गेलाय, पटकन सांग, पाण्यात बसताना बुटांच्या आत लोकरीचे मोजे एक घालायचे की दोन?" न्यायाधीशाची बायको, सेलेस्त! मी खुर्चीवरून पडायची राहिले.

आता हे पत्र का, ते. लोरेनकडून कळलं, वॉल्टर गुरुवारी तुला फोन करणार आहे. भला माणूस आहे, मला आत पाठवायच्या कल्पनेने त्याची झोप उडाली आहे. तो म्हणेल, "तू आईला तुझ्याकडे ऑल्बनीला घेऊन जा, जूनपर्यंत तुझ्या जबाबदारीवर ठेव, मी प्रकरण मिटवतो." तू आनंदाने हो म्हणशील, संध्याकाळपर्यंत गाडी दारात उभी करशील, आणि तुझा चेहरा पाहिला की मी मुकाट्याने गाडीत बसेन. मी स्वतःला ओळखते. म्हणून फोन न करता लिहिते आहे. पर्ल उद्या डोळे दाखवायला तिकडे येते आहे, ती हे तुझ्या हातात देईल. सेलेस्त, तू त्याला 'नाही' म्हण. आईला तुरुंगात जाऊ देणारी मुलगी म्हणून लोक तुला नावं ठेवतील, ती सोस. तुझ्याकडे मी आजवर अवघड असं काही मागितलं नव्हतं.

बाबांची रबरी विजार पर्लला घेऊ दे. ती बुटकी आहे, खालून दोनदा दुमडून घे म्हणावं. घराची किल्ली आणि मांजर तिच्याकडेच. माझी खुर्ची लोरेनला, आणि पाइनजवळची जागाही तिलाच, तिथे ऊन जास्त वेळ असतं. मोजे दोन. रुबार्बच्या मुरंब्याच्या बरण्या वॉल्टरला. पुढचे काही दिवस त्याला घरात गोड काही मिळेल असं वाटत नाही. तो बोटवाला तरुण आला तर थर्मासमधली कॉफी त्याला दे म्हणावं, आणि सांगावं की तिसऱ्या शनिवारी ये, मोठे मासे कुठे असतात ते ओडेट स्वतः दाखवेल. आणि तुझ्यासाठी शरद ऋतूतली मोजणी. जाळं घेऊन ये, आपल्या कोपऱ्यातली पिल्लं मोज, जो आकडा येईल तो तुझा. माझ्या विरुद्ध आला तरी तसाच्या तसा छाप, माझं नाव घालून. आकडा काहीही येवो, पुढच्या मे महिन्यात मी पाण्यातच असेन.

तुझीच,
आई