पतंगाच्या कागदाचा चष्मा

सोमवार, ९ जानेवारी १९८४. सकाळी सात वाजून वीस मिनिटे. पिंगळी.

पुठ्ठ्याचा चष्मा करतो आहे. काचांच्या जागी पतंगाचा पांढरा कागद, दोन थर, वर खोबरेल तेल. डोळ्यांच्या शिबिराचे डॉक्टर म्हणाले, ‘‘घरच्यांना लावा. मोतीबिंदूवाल्याला काय दिसतं ते कळू द्या.’’ नावे नोंदवणारा मी. तेरा झाली. मायचेच नाही! आबा म्हणतात, ‘‘तुझी माय भाकर करपवती ते डोळ्यानं न्हाई, ध्यान नसतं म्हून. ती तिकडं आपरेशन करून झोपली तर चूल कोण पेटवील?’’

मंगळवार, १० जानेवारी

आबा चष्म्याला हसले. ‘‘हे घालून दिवसभर काम करून दाखवतो!’’ पैज लागली. शेवटी पारावर सुईत दोरा ओवायचा. हरले तर मायचे नाव. जिंकले तर विषय बंद.

बुधवार, ११ जानेवारी

आबांनी खांबाला रामराम घातला! शेजारचे बन्सीधरकाका मायची चादर पांघरून चुलीपुढे बसले. आबा म्हणाले, ‘‘अगं, साखर कमी घाल.’’ काका बारीक आवाजात — ‘‘बरं.’’ पोट दुखेपर्यंत हसलो.

पाच वाजता पार. पांढरा दोरा मीच दिला, मोजून नऊ इंच. आबांनी अकरा वेळा थुंकी लावली. माय पाण्याचा तांब्या देऊन गेली. लगेच आबांनी सुई वर धरली — ओवलेली! टाळ्या.

दोरा लाल होता.

पंच मी. बोललो तर गावापुढे आबा लबाड. न बोललो तर मायचे डोळे. नोंदणी शुक्रवारी बंद. बोललो नाही. भित्रा आहे मी.

गुरुवार, १२ जानेवारी

आबा ऐटीत. ‘‘हातात सुई दिली तिनं, एका झटक्यात ओवून! तिला कशाला शिबिर?’’

मायला एकटीला गाठले. ‘‘गप. चार माणसांत त्यांचं हसं होऊ देऊ व्हय?’’ मग गोधडीची कड उलटली. ओळीने अठरा सुया, सगळ्या ओवलेल्या. दर रविवारी शेजारच्या सुलाबाई काकू ओवून देतात. डाळही त्याच निवडतात. दीड वर्ष!

आबा दारात उभे होते. कधीपासून, ठाऊक नाही. त्यांनी एका सुईतला दोरा ओढून काढला, दोन्ही मायच्या हातात दिले. ‘‘ओव.’’

माय सुईच्या बोटभर बाजूला दोरा खुपसत राहिली.

‘‘पंडित, नाव लिही. पारावर मी सांगतो, हरलो म्हून.’’

शुक्रवार, १३ जानेवारी

चौदावे नाव — कमलबाई. तीनदा तपासले.

शनिवार, ३ मार्च

ऑपरेशननंतर मायला आज जाड भिंगाचा चष्मा मिळाला. आधी आबांकडे बघितले. बराच वेळ. ‘‘अगं बाई! तुमी इतके म्हातारे कधी झालात?’’

रविवार, ४ मार्च

आबांनी परभणीहून केसांचा कलप आणला. डबीवरच्या सूचना मला दोनदा वाचायला लावल्या. ‘‘हळू वाच. तिला ऐकू जाईल.’’