पूजेला बसलेले ब्रश

बर्मिंगहॅम,
खंडेनवमी, १९ ऑक्टोबर १९८८

ती. सौ. सुप्रभाताईस,
मधूचा सा. न. वि. वि.

मी बघते कमी आणि गिरगटते फार, असं तू मला मी नऊ वर्षांची असताना म्हणाली होतीस. आज ते आठवलं, कारण गिरगटायला हातात काहीच नाही. माझे सगळे ब्रश पूजेला बसलेत!

सकाळी दूध घेऊन आले तर सासूबाईंनी ब्रश आणि रंगाच्या ट्यूबा श्रीनिवासच्या स्टेथोस्कोपशेजारी पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलेलं. उद्या संध्याकाळी उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही म्हणाल्या. श्रीनिवासचा दुसरा स्टेथोस्कोप गाडीत असतो, त्यामुळे नवरोजी हसत हॉस्पिटलला गेले.

ताई, शुक्रवारी सकाळी गॅलरीची व्हॅन येणार. चव्वेचाळिसाव्या वर्षी माझं पहिलं प्रदर्शन, आणि सगळ्यांत मोठ्या चित्राचा डावा कोपरा अजून कोरा. शास्त्रात काही पळवाट असेल तर कळव. फोन हॉलमध्ये आहे आणि त्याच्याशेजारी सासूबाई, म्हणून हे पत्र.

तुझी माया आहेच, सध्या अक्कलही थोडी पाठव.
मधू


क्रॉयडन,
दसरा, २० ऑक्टोबर १९८८

चि. सौ. मधूस,
अनेक आशीर्वाद.

पळवाट नाही. असती तरी सांगितली नसती. पत्र वाचून इतकी हसले की तुझ्या भावजींचा चहा सांडला.

तुझ्या चित्रांत ना झाड ना माणूस, नुसते रंग. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण गणपतीत आले तेव्हा ते निळं चित्र मला आवडलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी उठून बघते तर तू त्यावर राखाडी फासलेलं! तेव्हा खुर्ची घे आणि चित्रासमोर बस. विणकाम नको, रेडिओ नको.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग, आणि त्यांच्यावर चिडू नकोस.
तुझी ताई


बर्मिंगहॅम,
२१ ऑक्टोबर १९८८

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

व्हॅन वळणावरून दिसेनाशी झाली आणि पोस्टमन तुझा सल्ला घेऊन आला! पण करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून मी आपणहूनच काल दिवसभर चित्रासमोर बसले होते.

आधी मनातल्या मनात तो कोपरा लाल केला, मग हिरवा, मग परत लाल. शेवटी मनही दमलं, आणि मला चित्र दिसायला लागलं. बाकीच्या रंगांची सगळी पळापळ त्या कोऱ्या कोपऱ्यात येऊन थांबत होती. तो भरला असता तर तिला थांबायला जागाच उरली नसती. ब्रश हातात असला की मी फक्त पुढे काय करायचं तेच बघते गं. समोर काय झालंय ते बघतच नाही.

संध्याकाळी सासूबाईंनी आपट्याऐवजी बागेतलं कुठलंसं पान हातावर ठेवलं आणि ब्रश परत दिले. मी एकच घेतला, खाली सही केली आणि ठेवून दिला. झालं एवढ्यात, असं त्यांनी विचारलं. मी त्यांचे हात धरले आणि स्वयंपाकघरात चक्क फुगडी! त्यांचा गुडघा दुखतोय, माझी कंबर, आणि श्रीनिवास म्हणतो दोघींनी त्याच्या ओपीडीत रांगेनं यावं.

आता एक मागणं. प्रदर्शन संपलं की हे चित्र तुझ्याकडे पाठवते. सोफ्याच्या वर नको, तिथे त्याच्याकडे सगळ्यांची पाठच असेल. एक महिना टीव्ही माळ्यावर टाक आणि त्याच्या जागी हे लाव. भावजी नाही म्हणतील, पण त्यांच्याआधी तूच म्हणशील. तरी मागते.

नकार आला तरी माया आटू देऊ नकोस.
मधू