सासरेबुवांच्या मशीनचा बंदोबस्त

२ सप्टेंबर, मंगळवार
शेजारच्या प्लॉटवरचा पंप चोरीला गेला. प्लॉटवाले निवृत्त मास्तर डोक्याला हात लावून बसले होते. बेसावध माणसाचं असंच होतं. आपल्या गावाबाहेरच्या बागेत सासरेबुवांचं गवत कापायचं मशीन आहे. लालभडक, चौदा वर्षांत एक ओरखडा नाही. सख्ख्या भावालाही त्यांनी ते कधी दिलं नाही. मला महिनाभरासाठी दिलंय. बायको म्हणाली, लग्नाला अकरा वर्षं झाली, बाबांनी पहिल्यांदाच तुमच्यावर भरवसा ठेवलाय. आजपासून कडक बंदोबस्त.

३ सप्टेंबर, सकाळी ७
सासरेबुवांचा फोन. आधी मशीनची चौकशी, मग मुलीची. बायको म्हणते मशीन घरी आणा. तिसरा मजला, लिफ्ट नाही, माझी कंबर. प्रस्ताव फेटाळला.

६ सप्टेंबर, शनिवार
जाड साखळी आणून मशीन ढकलगाडीला बांधलं. मास्तर कुंपणावरून बघत होते. दोन्हींना चाकं आहेत, एवढंच म्हणाले. पंप गेल्यापासून माणूस कडवट झालाय. संध्याकाळी साखळी सोडली. मास्तरांमुळे नव्हे.

७ सप्टेंबर, रविवार
‘कॅमेरा चालू आहे’ अशी पाटी लावली. कॅमेरा नाही. बायकोच्या मते, आत चोरण्यासारखं काही आहे हे आता अख्ख्या रस्त्याला कळलं. पाटी काढली. गवत गुडघ्याला लागलंय. पण आधी बंदोबस्त, मग गवत.

१० सप्टेंबर
मीटिंगमध्ये सुचलं. चोर चांगली वस्तू नेतो. मग मशीन चांगलं दिसूच नये! बायकोला सांगितलेलं नाही. गुप्तता महत्त्वाची.

१३ सप्टेंबर, शनिवार
पाच तास खपलो. चिखल, काजळी, गंजासारखा दिसणारा रंग (पाण्याने जातो, डब्यावर लिहिलंय). हँडलला चिंध्या, इंजिनवर फाटकं पोतं, वर फुटकी बादली. मास्तरांनी विचारलं, हा कचरा कुठून आणलात? फार बरं वाटलं. हे सासरेबुवांनी बघायला हवं होतं.

१६ सप्टेंबर
बिनघोर झोप. फोनवर सासरेबुवांनी विचारलं, मशीन ठीक आहे ना? म्हटलं, बघाल तर ओळखणार नाही. खूश झाले.

२१ सप्टेंबर, रविवार, सकाळी ११, आंब्यामागे बसून
सासरेबुवा न कळवता आले आणि मुलीला घेऊन थेट बागेत गेले. मी दाढी वगैरे करून तासाभराने पोहोचलो. ते बाह्या सरसावून, घामाघूम उभे.
“जावईबापू, कोपऱ्यातलं ते भंगार मी स्वतः उचलून भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवलं. आता आणा माझं मशीन.”
बायकोने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी तिच्या कानात सांगितलं. ती माझी स्कूटर घेऊन टेम्पोमागे गेली.
खुद्द मालकाने ओळखलं नाही, म्हणजे बंदोबस्तात खोट नव्हती. पण हे आत्ताच त्यांना सांगण्यात अर्थ नाही. मशीन गवतात लपवलंय म्हणालो. गवत कमरेएवढं, त्यामुळे पटलं.

दुपारी १
बायको अजून आली नाही. सासरेबुवा काठीने गवत बाजूला करत शोधतायत. मीही शोधतोय. मघाशी माझा चेहरा बघून त्यांनी पाठीवर हात ठेवला.
“घाबरू नका, सापडेल. तुम्ही एवढं जपलंय, जाईल कुठे?”