सुनंदाने रिव्हर्स घेतला

रविवार, संध्याकाळ

आज बायकोला, सुनंदाला घेऊन अकोल्याला गेलो. रिटायर झाल्यावर फिरण्यासाठी जी चाकांवरची खोली घ्यायची म्हणतोय, ती जीपमागे जोडून पाहिली. दर्यापूर रोडवर सरळ जाताना मी राजाच होतो.

वळवायला रिव्हर्स टाकला आणि सगळी शान गेली. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की खोली उजवीकडे. तीनदा केलं, तिन्ही वेळा ती कपाशीच्या वावराकडेच. मागे एसटी हॉर्न देत होती. लाज वाटली. नकोच ही खोली, असंही मनात आलं. इतकी वर्षं मनात धरलेली हौस, आणि मी सोडायला निघालो?

सुनंदा म्हणाली, "उतरा तुमी. मले बसू द्या."

"तुले येते?"

"वरूडले बाबाची संत्र्याची ट्रॉली मीच तं मांगं घेत होती."

आणि घेतली की! एका दमात.

"एवढ्या वर्षांत काहून सांगतलं नाई?"

"तुमी कधी स्टिअरिंग देल्लं?"

खोली पक्की केली. घरी अमरावतीपर्यंत जीप तिनेच चालवली. मी शेजारी बसून शेंगा सोलत होतो आणि तिला भरवत होतो.