बँडेजखालचं घड्याळ

३ जानेवारी, सकाळ

आजपासून रोजनिशी. गुप्त. वही शब्दकोशामागे ठेवणार. त्या कपाटाकडे माझ्याशिवाय कोणी फिरकत नाही.

संकल्प एकच. घड्याळांच्या छंदात आता वरची पायरी चढायची. प्लॅस्टिकच्या पट्ट्याची झाली, सेलवरची झाली, चावीची झाली, फूटपाथवरचं ते 'इम्पोर्टेड'ही झालं, ज्याच्या बाराच्या आकड्यावर आठवड्यात गंज चढला. डबाभर घड्याळं आहेत आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. कोणी वेळ विचारली की मी सरासरी काढून सांगतो.

तासकाटा म्हणाला, "अरे, डबाभर भिकारड्या घड्याळांपेक्षा एक खानदानी घे." (तासकाटा म्हणजे माझा मित्र. जाड आणि सावकाश, म्हणून हे नाव. घड्याळांचं वेड त्यालाही आहे, फक्त त्याला पेन्शन जास्त आहे.) पटलं. शाळेत कविता चालीवर पाठ करून घेणारे आमचे गुरुजी कोटाच्या खिशातून साखळीचं घड्याळ काढायचे, तेव्हा अख्खा वर्ग पुढची ओळ विसरायचा. मला ती ओळ अजून आठवलेली नाही.

हिची धमकी कायम आहे : "आता एक घड्याळ आत आलं तर एक माणूस बाहेर." कोणता माणूस ते सांगत नाही. घरात आम्ही दोघंच.

९ जानेवारी

घेतलं!

आकडा इथे लिहीत नाही. वहीलाही कान असतात. एवढंच नोंदवतो की बाथरूमच्या छताची गळती काढायला ठेवलेली एफडी मुदत भरून हातात आली होती, ती बँकेत परत गेली नाही. हिने विचारलं तेव्हा "नवीन केली" म्हणालो. नवीन काहीतरी केलं, हे खरंच आहे. तोवर छताखाली बादली आहेच. टप टप आवाज येतो, पण त्यातही एक लय असते.

घड्याळ काय वर्णावं! निळी तबकडी, पोलादी अंग. दुकानदार म्हणाला, समुद्रात दोनशे मीटर खाली चालतं. मला पोहता येत नाही, पण आपल्या घड्याळाला येतं हाही एक आधार. सेल नाही, रोज चावी देणं नाही. मनगटावर असलं की हाताच्या हालचालीवर आपोआप चालतं. माणसाच्या जिवावर जगणारं यंत्र! येतानाच दोन ओळी सुचल्या :

टिकटिक करि तू मंजुळ वाणी,
तुजसाठी मज अन्न न पाणी.

टॅक्सीवाला आरशातून सारखा माझ्याकडे बघत होता. नक्की हेरलं मला त्याने. उतरताना म्हणाला, "काका, एवढं मनगट धरून बसलाय, दवाखान्यात सोडू का?" मी पुढच्याच गल्लीत उतरून चालत आलो. सावध असावं माणसाने. भित्रा असू नये.

१० जानेवारी

भीती मुळीच वाटत नाही. मी मुळात निर्भय माणूस.

घड्याळ लोकरी मोज्यात, मोजा मफलरमध्ये, मफलर जुन्या उशीच्या अभ्र्यात, अभ्रा ट्रंकेत. ट्रंकेवर मी.

दुपारी बेल वाजली. ही बाहेर गेलेली. दार उघडलं नाही. बाहेरून आवाज, "आजोबा, मीटर बघायचाय." असंच सांगतात ते लोक. मी आतून घोगरा आवाज काढून म्हणालो, "घरात कोणी नाही." तो म्हणाला, "मग तुम्ही कोण?" मी परत जाऊन ट्रंकेवर बसलो.

१३ जानेवारी

घड्याळ बंद!! काटे मेल्यासारखे. गॅलरीत जाऊन, तोंडावर टॉवेल धरून तासकाट्याला फोन केला. तो इतका हसला की त्याला खोकला लागला. म्हणाला, "अरे शहाण्या, ते मोज्यात कसं चालेल? त्याला हात लागतो. घाल तरी, नाहीतर हलव तरी."

घालू कसं? ही बघेल. म्हणजे हलवणं आलं.

नवा संकल्प : रोज सकाळी बाथरूममध्ये, दार लावून, घड्याळ उजव्या मुठीत धरून भरपूर हलवणे. घड्याळालाही व्यायाम, मलाही. टपटपीची साथ आहेच.

१७ जानेवारी

कार्यक्रम उत्तम चालू. मूठ सुटली तर घड्याळ फरशीवर पडेल या विचाराने हात जास्तच हलतो. एकंदरीत फायद्याचंच.

आज मधेच दार किलकिलं झाल्यासारखं वाटलं. कडी नीट बसत नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. वळून पाहिलं तर कोणी नाही. मांजर असावं.

आपल्याकडे मांजर नाही, हे आत्ता लिहिताना आठवलं.

२० जानेवारी

एवढं घेऊन बाहेर मिरवायचं नाही म्हणजे काय? पण रस्त्यावर हिसकाहिसकी किती चालते! यावर तोड काढली आहे. घड्याळ डाव्या मनगटावर घालायचं, वरून क्रेप बँडेज गुंडाळायचं. लंगड्या-लुळ्याला चोरही लुटत नाही. घड्याळ बाहेर, बाहेरून दिसत नाही. डोकं चालतं माझं.

बँडेज घेतलं, औषधांच्या दुकानामागच्या बोळातच बांधलं आणि फिरायला निघालो. थोड्याच वेळात मागे पावलं. मी भरभर, तर पावलं भरभर. मी पळालो, तर पावलंही पळाली. बागेच्या फाटकाशी धाप लागून थांबलो. तर औषधवाला. "काका, केवढं पळता! चष्मा विसरलात." चष्मा नव्हता म्हणून तो ओळखू आला नाही, एवढंच. घाबरलो वगैरे नव्हतो.

घरी हिने विचारलं, "हाताला काय झालं?" म्हटलं, "लचकला." "कोणता, हाच?" म्हटलं, "हाच." चहा दिला तो अर्धा कप. दुधाचे भाव वाढले असतील.

२४ जानेवारी

हिला कळलं आहे. सगळं. पुरावे असे :

कप रोज अर्धाच भरते आणि मी तो उचलेपर्यंत बघत राहते. काल शर्टाचं वरचं बटण स्वतः लावून दिलं. आज तर घड्याळांचा जुना डबा आपणहून समोर आणून ठेवला आणि म्हणाली, "बसा मांडून हवं तर. तुम्हाला आवडतं ना." लग्न झाल्यापासून ही माझ्याशी इतकं गोड कधी बोललेली नाही.

रागावली असती तर बरं झालं असतं. आरडाओरडा कुठवर जातो ते मला माहीत आहे. हे गोड बोलणं कुठे नेऊन सोडेल?

संध्याकाळी लेकीचा फोन. "बाबा, एक काम करा. कागदावर चार-पाच सह्या करून फोटो पाठवा." कशाला, विचारलं तर "असंच हो, लागतात कुठे कुठे." सह्या! म्हणजे एफडीच्या कागदांवरची सही पडताळणार. मायलेकी बँकेपर्यंत पोचल्या. पाचही सह्या वाकड्यातिकड्या आल्या. एक तर माझी वाटतच नव्हती. तरी पाठवल्या.

फोटो गेले. मग आलं : "बाबा, काळजी करू नका."

काळजी नाही करायची, तर अशा वेळी माणसाने करायचं तरी काय?

२८ जानेवारी, दुपार

ही समजत होती मी झोपलोय. स्वयंपाकघरात लेकीशी फोनवर बोलत होती. मी कान दिला. चोरून ऐकण्याचा हेतू नव्हता, म्हणूनच दाराआड उभा राहिलो.

"... अगं, डोळ्यांनी पाहिलं मी. भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि उजवा हात असा लटलटत होता. माझ्यापासून लपवतात गं. दुसऱ्या हाताला बँडेज बांधून फिरतात. काय होतंय ते सांगत नाहीत. सह्या कशा आल्या ते तू पाहिलंसच. ट्रंकेवर बसून असतात नुसते. कंपवातच असणार. माझ्या आत्याचं असंच सुरू झालं होतं. मला बाई एकटीला..."

मग तिने नळ सोडला. नळ चालू असला की रडणं ऐकू जात नाही, असं तिला वाटतं. तिच्या आईच्या आजारपणातही असंच केलं होतं.

म्हणजे हिला काहीच कळलेलं नाही.

सुटल्यासारखं वाटायला हवं. वाटत नाही.

२८ जानेवारी, संध्याकाळ

संकल्प : उद्या सकाळी चहा झाल्यावर सरळ सांगून टाकायचं.

२९ जानेवारी

चहा अर्धाच होता. पटकन संपला. सांगायला वेळच मिळाला नाही. शिवाय एवढी महत्त्वाची गोष्ट गद्यात सांगणं बरं नव्हे. कवितेत मांडावी म्हणून बसलो :

ऐक सखे मी नाही रोगी,
मी तर केवळ...

'रोगी'ला यमक 'भोगी', 'ढोंगी', 'जोगी'. तिन्ही सांगण्यासारखी नाहीत. 'ढोंगी' तर नीट जुळतही नाही, तरी सारखं तेच पुढे येतं.

३१ जानेवारी

ही म्हणाली, "परवा एका मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ. माझी पाठ दाखवायचीय." हिला खोटं बोलता येत नाही. बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळते. मी "हो, पाठ दाखवलीच पाहिजे" म्हणालो. मला येतं.

टॅक्सीत सांगणार. ठरलं.

२ फेब्रुवारी

टॅक्सीवाला नेमका तोच निघाला. "बरं झालं काका, शेवटी दवाखान्यात निघालात." ही त्याच्याकडे बघू लागली. "तुम्हालाही दिसलं होतं?" "मग! मनगट घट्ट धरून बसले होते, थरथरत." हिने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. अशा वेळी काय सांगणार?

डॉक्टर मज्जातंतूंचे. तरुण, नम्र, टेबल चकचकीत. म्हणाले, "दोन्ही हात पुढे करा, बोटं पसरा." केले. हात असे लटलटले की टेबलावरचं पेन गडगडायला लागलं. मी थांबवायला गेलो तर जास्तच. नाडी बघायला डॉक्टरांनी बँडेजवर बोट टेकवलं आणि भुवया वर गेल्या. म्हणाले, "काही तपासण्या कराव्या लागतील. खर्चिक आहेत."

तेव्हा ही म्हणाली, "खर्चाचं बघू नका, डॉक्टर. आमची एफडी आहे, बाथरूमच्या कामाला ठेवलेली. ती मोडते उद्या. छत काय, गळू दे आणखी दहा वर्षं. यांचा हात थांबला पाहिजे."

बँडेजची क्लिप माझी मीच काढली. कोणी सांगितलं नव्हतं. एक वेढा, दुसरा वेढा. शेवटचा वेढा सुटला आणि निळी तबकडी दिव्याखाली लखकन चमकली.

म्हटलं, "मला काही झालेलं नाही. हे हलवत होतो. हलवलं नाही तर थांबतं."

ही घड्याळाकडे बघत होती. अजून तिला एवढंच दिसलं होतं, की डब्यात आणखी एकाची भर. तेवढ्यावर निभावलं असतं. पण डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, हे तुम्हाला मिळालं? मी सहा महिने नंबर लावून बसलोय!" आणि त्यांनी आकडा सांगितला. पूर्ण. हातचं न राखता.

हिने मनातल्या मनात हिशेब केला. तो जुळल्याचं मला चेहऱ्यावर दिसलं.

मग डॉक्टरांना इतकंच विचारलं, "म्हणजे यांना काही झालेलं नाही?" डॉक्टर म्हणाले, "हाताला नाही."

ही उठून बाहेर गेली. तिथल्या बेसिनचा नळ बराच वेळ चालू होता.

३ फेब्रुवारी

ही बोलत नाही. चहा मात्र पूर्ण कप. काठोकाठ. बशीत सांडेपर्यंत.

५ फेब्रुवारी

आता लपवायचं काही उरलं नाही, म्हणून घड्याळ उघड्या मनगटावर घालून खुर्चीत बसलो. काय दिमाख! सकाळी शाळेच्या कविता आठवल्या, दुपारी आठवल्या, संध्याकाळीही आठवल्या. काल आणि आज, दोन्ही दिवस असेच आनंदात गेले.

रात्रीच्या जेवणाला बोलावलं नाही म्हणून घड्याळात पाहिलं तर अजून साडेचारच. ही दारात उभी. डॉक्टरांकडून आल्यापासूनचं पहिलं वाक्य : "ते थांबलंय. हातावर असून थांबलंय. त्यालासुद्धा कळलं, की हा हात काही करत नाही."

मग तळहात पुढे केला. "आणा इकडे."

दिलं.

८ फेब्रुवारी, सकाळ

घड्याळ उत्तम चालू आहे, असं समजतं. ते हिच्या मनगटावर आहे. ही झाडते, पुसते, पीठ मळते, भांडी घासते, जिना चढते-उतरते. भांडी घासताना मी एकदा दारापर्यंत जाऊन "पाणी..." एवढं म्हणालो. ही म्हणाली, "दोनशे मीटर लिहिलंय ना यावर?" मी परत आलो. तेव्हापासून प्रत्येक पातेल्याच्या आवाजाला दचकतो. डबा तासकाट्याने नेला. "मोडीत काढतो" म्हणाला. हिनेच दिला.

आज खुर्चीतून हाक मारली, "अगं, किती वाजले?"

आतून उत्तर आलं, "बाथरूममध्ये बादली बघा. काठोकाठ भरली की जेवण. त्याआधी विचारू नका. आणि भरली की रिकामी तुम्हीच करायची."

जाऊन पाहिलं.

अजून अर्धीच आहे.