वन्संच्या देवघरातली पुडी

कर्वेनगर, पुणे
श्रावणातला शुक्रवार, दुपारचा पाऊण

तीर्थरूप सत्यशीला वन्संच्या पायी भावजय द्वारकेचा डोकं टेकून नमस्कार.

खडकवासल्याला तुमची तब्येत ठीक असेल, गुडघा जिना चढू देत असेल आणि चातुर्मासाचं मौन निर्विघ्न चालू असेल, असं धरून चालते. इकडे तुमचे भाऊ बरे आहेत, कुंडीतली तुळस बरी आहे, मीही बरी आहे. सूनबाई शेफाली मात्र बरी नाही, आणि हे पत्र तिच्यासाठीच आहे. सूरज हेल्मेट घालून दारात उभा आहे आणि आई, तीन ओळी लिही नि दे, म्हणून पाय आपटतो आहे. त्याला म्हटलं, मोठ्या नणंदेला तीन ओळींचं पत्र लिहायला मी वीज मंडळ नाही. (आणि कागदाची ही बाजू कोरी आहे, ती फुकट कशाला घालवायची.)

मघाशी सूरज तुमच्याकडे अंगाऱ्याची पुडी मागायला आला होता, तो हात हलवत परत आला. चातुर्मासात दिवेलागणीपर्यंत तुमचं मौन आणि फोनही बंद, म्हणून त्याला पाठवलं, तर तुम्ही पाटीवर लिहून दिलंत की कोणी पाठवलं, आंघोळ केली का, बुटांनी अंगणात का आलास, आणि देवघरातली वस्तू तोंडी निरोपावर बाहेर जात नाही. द्वारकेच्या हातचं लेखी आण, आणि लिहिणारी द्वारकाच आहे हे पटेल असं काहीतरी त्यात असू दे, हल्ली भाचा म्हणवून लोक फसवतात. सूरज चिडला होता. शेफालीने मात्र पाटीवरचा मजकूर त्याच्याकडून दोनदा ऐकला आणि गेल्या तीन तासांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, आत्यांना आमच्या ऑफिसात घ्यायला पाहिजे.

त्याचं कारण असं, की शेफालीचं खराडीच्या ऑफिसातलं काम नेमकं हेच आहे. मला वाटायचं ती दिवसभर नुसती टकटक करते. पण तिने एकदा मेथी निवडता निवडता मला समजावलं. (मेथी मी निवडत होते, ती समजावत होती.) कंपनीच्या खात्यात शिरायला नुसता पासवर्ड बरोबर असून भागत नाही. माणूस कोण, कुठून येतो आहे, कोणत्या लॅपटॉपवरून येतो आहे, तो लॅपटॉप कंपनीच्या वहीत नोंदलेला आहे का, त्याने नवीन अपडेट घेतलं आहे का, एवढं सगळं यंत्र आधी बघतं. मग ठरवतं, की याला आत सोडायचं, की पुन्हा एकदा ओळख विचारायची, की दारातूनच परत पाठवायचं. आणि हे नियम शेफाली लिहिते. मी म्हटलं, अगं, हे तर आमच्या वन्संचं देवघर. आंघोळ झालेली असली तरी ओलेत्याने का नाही आलीस, ओलेत्याने आलीस तर उजव्या पायाने का नाही आलीस. (राग मानू नका, मी कौतुकानेच सांगत होते.)

त्यात एक सोय मला फार आवडली. नवा नियम एकदम लागू करत नाहीत. आधी काही दिवस कोणाला अडवायचं नाही, नुसतं लिहून ठेवायचं, की नियम असता तर आज कोण कोण अडलं असतं. मी लगेच आपल्या घरात करून पाहिलं. स्वयंपाकघरात चपला आणणाऱ्यांची आठ दिवस वहीत नोंद ठेवली, चकार शब्द बोलले नाही. आठव्या दिवशी बेरीज केली तर एकतीस वेळा, आणि त्यात तीस वेळा तुमचे भाऊ. एकतिसावी मी. भाजी उतू चालली होती, म्हणून धावले होते.

तर आता मुख्य मुद्द्यावर येते. (सूरजने हेल्मेट काढलं. घालतो, काढतो, घालतो.)

गेल्या आठवड्यात त्यांचं ऑफिस खराडीतच एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत गेलं. शेफालीने नियम केला होता की कंपनीच्या खात्यात फक्त ऑफिसातूनच शिरता यावं, बाहेरून कोणी नाही. त्यासाठी ऑफिसच्या जागेचा पत्ता (आपल्या घरांना असतो तसला नव्हे, इंटरनेटचा) एका यादीत घालावा लागतो. यादीत पत्ता राहिला होता जुन्या इमारतीचा. (नुसती नोंद ठेवायचे दिवस जुन्या इमारतीतच झाले होते, तेव्हा कोणीच अडलं नव्हतं.) तरीही फार बिघडलं नसतं, कारण नियमातून शेफालीने स्वतःला वगळलं होतं. ती घरून काम करते, चूक झाली तर घरूनच दुरुस्त केली असती.

आज सकाळी ती नियम चालू करणार, तेवढ्यात मी पुरणाची डाळ घेऊन शेजारी बसले आणि विचारलं, की हा सर्वांना लागू ना. ती म्हणाली, हो, मी सोडून. आता वन्सं, तुम्हीच सांगा, मी गप्प बसायला हवं होतं का? मी म्हटलं, बाळा, चपलांचा नियम मी केला तेव्हा आधी माझ्या चपला बाहेर ठेवल्या. दुसऱ्याला नियम आणि आपल्याला सूट, हे बरं दिसत नाही. माझा तोच तो आवाज, सत्यनारायणाची कथा सांगतानाचा. शेफाली हसली, म्हणाली, मग मीही ऑफिसात जाऊनच काम करीन, आणि स्वतःचं नाव सूट असलेल्यांच्या यादीतून काढून टाकलं. नियम चालू केला. (ती म्हणते आहे की आई, तुमच्यामुळे नाही, माझ्या मनात आधीच होतं. पोर गुणाची आहे, मला वाचवते आहे.)

दहाव्या मिनिटाला खराडीत चारशे बारा माणसं आपापल्या खुर्चीत बसून दाराबाहेर होती. नवीन इमारत यंत्राच्या लेखी परकी. शेफाली आमच्या हॉलमध्ये, तीही परकी. नियम मागे घ्यायचा तर आत शिरायला हवं, आणि आत शिरायला नियम मागे घ्यायला हवा. ऑफिसातल्या कँटीनमधला चहा साडेदहाला संपला म्हणे. काही जणांनी कामाच्या आशेने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केले, काहींनी खाली जाऊन गणपतीला नमस्कार केला. (दुसरं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.)

अशा वेळेसाठी शहाण्या लोकांनी एक वेगळं खातं ठेवलेलं असतं. त्याला कुठलाच नियम लागू नाही, रोज कोणी वापरत नाही, फक्त घर पेटल्यावर उघडायचं. त्याचा पासवर्ड बत्तीस अक्षरांचा, दोन कागदांवर अर्धा अर्धा, म्हणजे एकट्यादुकट्याच्या मनात पाप आलं तरी उपयोग नाही. सोळा अक्षरं शेफालीचे साहेब अभय यांच्याकडे, सोळा शेफालीकडे. ऑफिसची तिजोरी हलवाहलवीच्या तयारीत आधीच बांधून ठेवलेली होती, म्हणून तिने आपला अर्धा भाग पाकिटात घालून माझ्या हातात दिला होता. म्हणाली, आई, हे पाकीट तुमच्या देवघरात जपून ठेवा. मी पोथीखाली ठेवलं. दोन महिने रोज त्याला हळदकुंकूही वाहिलं.

तर साडेअकराला फोनच्या पडद्यावर अभय साहेब, त्यांच्यावरचे कोणी एक साहेब, आणि टेबलाशी शेफाली. मी सोवळ्याने पाकीट आणून दिलं. शेफालीने ते कात्रीने कापलं, कागद उलगडला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली, की पहिला सोमवार, दुधी हलवा, साखर कमी. अभय साहेबांनी दुधीपर्यंत टाइपही केलं होतं. मग ते म्हणाले, शेफाली, हे मोठ्या लिपीत आहे की छोट्या?

वन्सं, ती श्रावणातल्या नैवेद्यांची माझी यादी होती.

घडलं होतं ते एवढंच. गुरुपौर्णिमेला भजनी मंडळाबरोबर मी नारायणपूरला दत्ताला गेले होते, तुमच्या गुडघ्यासाठी अंगारा आणायला. देवळातून दिलेली पुडी प्रवासात जरा फाटली. घरी आल्यावर नवी पुडी बांधायला चांगला कागद हवा होता. वर्तमानपत्राची शाई अंगाऱ्याला लागते, वहीचा कागद पातळ. पोथीखाली हात गेला, पाकीट लागलं, वाफेवर धरून उघडलं. आत कागद जाड, पांढराशुभ्र, एक बाजू कोरी. दुसऱ्या बाजूला एक ओळ, सोळा अक्षरं, त्यात आकडे, चांदण्या, टोप्या घातलेली चिन्हं, शब्द म्हणावा असा एक नाही. मला वाटलं, प्रिंटर चालतो का ते पाहिलेलं दिसतं. तिने जपून ठेवायला सांगितलं होतं ते पाकीट, आणि पाकीट मी जपलं. रिकामं बरं दिसत नाही म्हणून आत यादी ठेवली आणि खळीने पुन्हा चिकटवलं. कागदाची पुडी करून अंगारा तुमच्या भावांच्या हाती दुसऱ्या दिवशी तुम्हाला पोचवला.

हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. पडद्यावरचे वरचे साहेब मराठी नव्हते, त्यांना अभय साहेबांनी इंग्रजीत सांगितलं. मग त्यांनी एवढंच विचारलं म्हणे, की पुडी आता कुठे आहे. शेफालीने सांगितलं, माझ्या आत्येसासूबाईंच्या देवघरात, आणि त्यांचं मौन आहे. त्यावर ते पडद्यावरून उठूनच गेले.

आता खरी काळजी सांगते. चार वाजता परदेशातल्या लोकांची सकाळ होते आणि ते कामाला बसतात. त्यांच्या आधी दार उघडलं तर ही गोष्ट खराडीतच राहील, अभय साहेबांनी तसा शब्द दिला आहे. चारनंतर ती वर जाईल आणि वर शेफालीचं नाव जाईल. याच महिन्यात तिला सगळ्या नियमांच्या कामाची मुख्य करणार होते. ती मला एका अक्षराने बोललेली नाही. पुरण गाळायला आली, मी नको म्हटलं तरी गाळत बसली, आणि डोळ्यांतलं पाणी वेलदोड्याने आलं म्हणाली. वेलदोड्याने पाणी येत नाही हे मला चाळीस वर्षं ठाऊक आहे.

तेव्हा सूरजबरोबर पुडी द्यावी ही पदर पसरून विनंती. त्याने आंघोळ केली आहे, मी स्वतः बाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकला. बूट अंगणाबाहेर काढेल. उजव्या पायाने येईल.

थोरांना नमस्कार, मांजरीला दूध, आणि तुमच्या मौनाला माझ्यामुळे विघ्न आलं याची क्षमा.

तुमची भावजय,
द्वारका

ता. क. अख्खी पुडी नको, नुसता कागद हवा. अंगारा वाटीत काढून घ्यावा. कागदावरच्या छापील ओळीकडे पाहू नये, शेजारच्या बाईंना दाखवू नये, सूरजने फोटो काढला तर त्याच्या हातावर मारावं. शेफालीने तसं बजावलं आहे.

ता. क. दुसरा. शेफाली म्हणते, हा पासवर्ड एकदा वापरला की बदलायचा असतो, नवीन कागद होईल. तिजोरी अजून उघडलेली नाही. तिने विचारलं, आई, तो कुठे ठेवू. मी काही बोलण्याआधीच ती म्हणाली, तुमच्याकडे नाही. मग आम्ही दोघींनी एकदमच तुमचं नाव घेतलं. उद्या सूरज पाकीट घेऊन येईल. ते तुमच्या देवघरात असावं, आणि माझ्या हातचं लेखी असल्याशिवाय कोणालाही देऊ नये. माझं असलं तरी दोनदा विचारावं.

ता. क. तिसरा. (सूरजने गाडी चालू केली आहे, तरी हे लिहिल्याशिवाय पत्र देता येत नाही.) तुम्ही तुमच्या भावांना पाटीवर लिहून दिलं होतं, की गुरुपौर्णिमेचा अंगारा पहिल्या पुडीतून हलवला की त्याचं तेज जातं. म्हणजे वरचं सगळं वाचूनही तुम्ही कागद देणार नाही. म्हणून सांगते. देवळातली पुडी जरा फाटली असं मी वर लिहिलं आहे, ती जरा फाटली नव्हती. दिवे घाटात बस हिसकली आणि सगळा अंगारा पुढच्या सीटवरच्या बाईंच्या भेळेत गेला. त्यांनी तो खाल्ला, चवीला बरा लागला म्हणाल्या. तुमच्याकडे रिकाम्या हाताने निरोप पाठवायचा धीर झाला नाही. घरी येऊन देवापुढच्या उदबत्त्यांची अकरा दिवसांची राख मलमलीतून गाळली आणि पुडी बांधली. गेल्या महिनाभरात तुमच्या गुडघ्याचं दुखणं त्यानेच बारा आणे उतरलं आहे, तेव्हा लावणं थांबवू नका, उदबत्ती चांगल्यातली आहे. पण ती वाटीत काढायला हरकत नाही. ही गोष्ट तुमच्या भावांना माहीत नाही, सूरजला नाही, भजनी मंडळात कोणाला नाही. तेव्हा पत्र लिहिणारी द्वारकाच आहे, याची तुम्हाला आता खात्री पटली असेल.

मौन दिवेलागणीला सुटतं हे मला ठाऊक आहे. त्या वेळी मी देवळात असेन. फोन घरीच राहील.