नुसता भाचा

आक्रा, ३ मार्च १९५३

वित्तसचिव हॅलोवेलसाहेब वर्षअखेरीस कायमचे विलायतेला जाणार. त्यांच्यामागं कोण, याचा गुप्त आराखडा मी करायचा! साहेब म्हणाले, "एसिल्फी, या खेपेला खुर्चीत इथलाच माणूस हवा. तीन नावं द्या. क्रम लावून."

५ मार्च

तिघांत एक एबो. माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. बाकी दोघांपेक्षा कितीतरी हुशार — हे मामा म्हणून नाही म्हणत. की म्हणूनच म्हणतोय?

६ मार्च

बायकोला सांगायला नको होतं. केंकीचा, आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा, गोळा पानातून सोडवता सोडवता एफुआ म्हणाली, "घर त्याचं, कोकोचं रान त्याचं. उद्या तुम्ही डोळे मिटलेत की मी नि पोरं त्याच्या तोंडाकडं बघत बसणार. आता सरकारी तिजोरीही द्या त्यालाच!" आमच्यात मामाचं सगळं भाच्याला जातं, हे काय मी ठरवलं?

१० मार्च

आराखड्यासोबत छापील कागद. उमेदवार तुमचा कोण लागतो? साहेबांना म्हटलं, भाचा आहे एक. ते हसलेच! "नुसता भाचा ना? मला सात आहेत. दोघांची तर नावंही आठवत नाहीत. लिहून टाका, जवळचं नातं नाही." त्यांच्याकडं भाचा काय नि पुतण्या काय, एकच शब्द. तिथंच सांगायचं होतं — साहेब, आमच्यात भाचा पोटच्या पोराच्याही वर. वारस! त्याऐवजी पेन उचललं. सांगितलं तसं लिहिलं. इंग्रजीत ते खोटं नाही.

११ मार्च

खोटंच आहे.

१९ मार्च

एबोचं नाव पहिलं. लखोटा गेला. दुपारपर्यंत परत मागता आला असता.

२ एप्रिल

एबो घरी आला. खुशीत. "मामा, मलाही कागद भरायला लावला. कुणाचा वारसा मिळायचाय का, विचारत होते. तुमचं नाव लिहिलं. घर, रान, सगळं. बरोबर ना?"

"बरोबर," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

९ एप्रिल

साहेबांच्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी. "तुम्ही मला हसू दिलंत, एसिल्फी." आवाज चढवला असता तर बरं झालं असतं! एबो माझा वारस आहे तोवर त्याचं नाव पुढं जाणार नाही. माझ्यावरही चौकशी बसणार.

१० एप्रिल

एबोला सगळं सांगितलं. माझं खोटंसुद्धा. त्यानं टोपी उचलली. मग म्हणाला, "मला विचारायचं तरी होतंत, मामा." न जेवता गेला.

२६ एप्रिल

काल कुळातल्या वडीलधाऱ्यांपुढं एबोनं माझा वारसा सोडला. बहीण उठून निघून गेली. एफुआ रात्रभर गुणगुणत होती.

४ मे

एबोची नेमणूक झाली. वारसाच उरला नाही, म्हणून माझ्यावरची चौकशीही मिटली. जिन्यात भेटला, हात पुढं केला — "आभारी आहे, मिस्टर एसिल्फी."